भिंतीला पाचपैकी पाच

"हलू नकोस," हे म्हणाले. "गोटी थांबू दे."

मी हलतच नव्हते. रिकाम्या रो-हाऊसच्या हॉलमध्ये मी पिशवी धरून उभी होते. पिशवीत ओळंबा, मोजपट्टी, टॉर्च, पाण्याची बाटली आणि एक स्टीलचं फुलपात्र. हे गुडघ्यांवर बसून फरशीवर ठेवलेल्या काचेच्या गोटीकडे टक लावून बघत होते. गोटी थोडा वेळ जागीच राहिली, मग सावकाश दाराच्या दिशेने निघाली.

"उतार आहे," म्हणत ह्यांनी खिशातली वही काढली. "पण दाराकडे आहे. म्हणजे फरशी धुतली की पाणी आपोआप बाहेर जाणार. मग ह्याचे गुण कापायचे की वाढवायचे?"

"अहो, आपल्याला घर घ्यायचंय. दहावीचे पेपर नाही तपासायचेत."

"आयुष्यात एकदाच घेणार आहोत," असं म्हणून ह्यांनी गोटी उचलली आणि दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली.

एकोणीस वर्षं झाली ह्या गोष्टीला. हे टेलिफोन खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभर सरकारी क्वार्टरमध्ये काढल्यावर आम्हाला पहिल्यांदाच स्वतःचं घर घ्यायचं होतं, तेही नाशिकमध्येच. तीन महिन्यांत आम्ही एकतीस घरं पाहिली. म्हणजे ह्यांनी पाहिली आणि मी पिशवी धरली. पगारे नावाचा आमचा एजंट पहिल्या दहा घरांपर्यंत आमच्याबरोबर आत यायचा, हसून बोलायचा. नंतर तो किल्ली हातात द्यायचा आणि बाहेर मोटरसायकलवर बसून राहायचा.

एकतिसातली आता दोन उरली होती. एक हे, इंदिरानगरमधलं रो-हाऊस. एका ओळीत चिकटून सहा घरं, त्यातलं हे कडेचं, त्यामुळे एकच भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. दुसरा म्हसरूळच्या पुढे द्राक्षबागांमध्ये बांधलेला बंगला. पाच गुंठे जागा, चारही बाजू मोकळ्या, मागे आंब्याचं झाड. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच, म्हणून तर हा घोळ.

आमचा मुलगा हर्षल पुण्याहून रोज फोनवर बंगल्याची बाजू मांडायचा.

"आई, लॉन्ग टर्मचा विचार कर. भाव जमिनीचा वाढतो, भिंतींचा नाही. रो-हाऊस म्हणजे अर्धी भिंत दुसऱ्याची. उद्या पाडून नवं बांधायचं म्हटलं तरी शेजाऱ्याची परवानगी काढत बसा."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच मला वैताग यायचा.

कारण मला तो बंगला नको होता. हे निवृत्त झाले तरी घरात थोडेच बसणार होते! पेन्शनर संघाची चिटणिशी आधीच गळ्यात अडकवून घेतली होती. सकाळी नऊला गेले की संध्याकाळी सहाला परत. म्हणजे त्या द्राक्षबागांच्या मधोमध दिवसभर मी एकटी. हाक मारली तर ओ द्यायला तो आंबा.

पण असं सरळ बोलून ह्यांच्यापुढे काही चालत नसे. मी म्हटलं, इथून बाजार जवळ आहे. ह्यांनी वहीत 'बाजार' असा रकाना आखला आणि त्याला चार गुण ठेवले. मी म्हटलं, डॉक्टर जवळ आहे. लगेच 'डॉक्टर', पाच गुण. मी म्हटलं, मला आपलं इथे बरं वाटतं. त्यावर पेन्सिल हवेत थांबली. "बरं वाटतं म्हणजे काय? कशामुळे? मोजता येईल असं सांग." खरं कारण माझ्याकडे होतं, पण ते मी सव्वीस वर्षं सांगितलं नव्हतं. आता सांगायचं तर आधी हेही सांगावं लागलं असतं की तेव्हा मी खोटं बोलले होते.

तर त्या मंगळवारी सकाळी अशी परिस्थिती होती. टोकन पाडव्याला द्यायचं ठरलेलं, आणि पाडवा परवावर आलेला. बंगल्याला झाले होते त्र्याहत्तर गुण. रो-हाऊसला सत्तर, आणि शेवटचा एक रकाना रिकामा. 'सामाईक भिंत, आवाज. पाच गुण.' बंगल्याला ते पाच घरबसल्या मिळाले होते, कारण त्याला शेजारच नव्हता. रो-हाऊसला चार मिळाले तर ते घ्यायचं. तीन मिळाले तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर बंगला, असं हर्षलने ह्यांच्याकडून फोनवर कबूल करून घेतलं होतं. मी उरलेलं आयुष्य कुठे काढणार, ते एका भिंतीच्या चार गुणांवर अडलं होतं.

"आता नीट ऐक," हे म्हणाले. पिशवीतून फुलपात्र काढून त्यांनी ते भिंतीला लावलं आणि त्याच्या बुडाला कान टेकवला. पस्तीस वर्षं लाइनमधली खरखर शोधलेला माणूस. "शेजारी ज्या बाई राहतात त्यांच्याकडे जा. ह्या भिंतीजवळ बसायचं आणि ह्या चिठ्ठीवरचं नेहमीच्या आवाजात वाचायचं."

चिठ्ठीवर होतं: एक ते दहा आकडे, तीन वेळा. नंतर वाक्य, 'आज मंगळवार आहे, नळाला पाणी सकाळी आले.'

"मी काय त्या अनोळखी बाईच्या घरात जाऊन आकडे म्हणू?"

"टेस्टिंग आहे. माझं झालं की मी तीनदा ठोकीन. मग तू ये."

"त्यांनी विचारलं तर काय सांगू?"

"खरं ते सांग."

मी गेले. काय करणार? ह्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा अनोळखी बाईसमोर उजळणी म्हणणं सोपं होतं.

दार उघडलं ते साठीच्या एका बाईंनी. अंगाने भरलेल्या, हातात सूप. आत हॉलभर जुनी चादर पसरून त्यावर वर्षाचे गहू ओतलेले. बोरस्ते वहिनी. मी चिठ्ठी दाखवून सगळं सांगितलं, तशा त्या सूप खाली ठेवून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

"या ना ताई, बसा. म्हणा, म्हणा तुमचे आकडे. आमच्या घरात कुणी शाळेचं बोलल्याला लई दिवस झाले."

मी भिंतीला लागून असलेल्या स्टुलावर बसले आणि एक, दोन, तीन सुरू केलं. तिसऱ्या फेरीला वहिनी माझ्याबरोबर म्हणायला लागल्या. मग मंगळवार झाला, पाणी झालं. थोड्या वेळाने पलीकडून टक, टक, टक.

"झालं," मी उठले.

"असं कसं? चहा ठेवलाय." त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. "तुमचे साहेब काही पळून जात नाहीत. दोन वर्षं झाली हो, पलीकडं कुणीच नाही. पोरगा सुरतेला, मालक गेल्याला चार वर्षं. मी आपली वाट बघते, कुणी तरी येईल म्हणून. घेताय ना घर?"

"गुणांवर आहे," मी म्हटलं आणि बंगल्याचं सांगितलं.

"बंगला? पाच गुंठे?" वहिनींचे डोळे मोठे झाले. "अहो, लोक बंगल्यासाठी जीव टाकतात. तुम्हाला कशापायी नको?"

आता ह्याचं उत्तर मी कुणालाच दिलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. पण चहा छान झाला होता, त्या गहू निवडत माझ्याकडे न बघता विचारत होत्या, आणि ही बाई पुन्हा कधी भेटेल न भेटेल. मी बोलून गेले.

"लग्नानंतर दोन वर्षांनी आमची बदली सटाण्याकडे एका डोंगरावर झाली. खात्याचा टॉवर, त्याच्याखाली एक खोली आणि आमचं क्वार्टर. ह्यांना फार अभिमान त्या जागेचा. अजून सांगतात, तीन वर्षांत एकदाही लाइन बंद पडू दिली नाही म्हणून. एक दिवस हे खाली गावात गेले होते आणि चौकीदार बाजाराला. मी मोरीत पाय घसरून पडले. घोटा मोडला. उठताच येईना."

"अगं बाई!"

"सकाळचे दहा वाजले असतील. मी हाका मारल्या. आधी ह्यांना, मग चौकीदाराला, मग जी नावं आठवतील त्यांना. माहेरच्यांना, शाळेतल्या मैत्रिणींना, मेलेल्या आजोबांनासुद्धा. घसा बसेपर्यंत. चारी बाजूंना नुसता मोकळा डोंगर. हात वर करून मी नळ गाठायचा प्रयत्न करत होते, तो चार बोटं लांब राहायचा. दिवेलागणीला हे आले."

वहिनींचा हात सुपात तसाच थांबला होता. "मग काय म्हणाले?"

"मी सांगितलंच नाही. मी म्हटलं, आत्ताच पडले, दहा मिनिटं झाली."

"का हो?"

"त्यांनी बदली मागितली असती. एवढ्या खुशीत होते. आणि मग... मग राहूनच गेलं. आता मला बंगला नको, बाग नको. भिंतीपलीकडे कुणीतरी हवंय. त्यांचा कुकर ऐकू आला तरी चालेल, भांडणं ऐकू आली तरी चालतील. माझी हाक कुणाला तरी जायला हवी, बस."

उठून वहिनींनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

परत आले तर हे स्वयंपाकघरात ओट्याशी उभे होते. मोजपट्टी उलगडलेली तशीच फरशीवर पडलेली. गोटी कुठेतरी कोपऱ्यात. मी भडकले. तिकडे मला परक्या घरात बसवून इकडे ह्यांनी पसारासुद्धा आवरला नव्हता.

"झालं का तुमचं? किती दिले?"

"पाच," हे म्हणाले.

"काहीच ऐकू आलं नाही?"

"नाही."

"आकडेसुद्धा नाही? मंगळवार?"

"काही नाही. भिंत पक्की आहे. पाचपैकी पाच." आणि वहीत न लिहिताच त्यांनी वही खिशात घातली.

बाहेर पगारेने बातमी ऐकली आणि आभाळाकडे बघून हात जोडले. येताना ह्यांनी स्कूटर इतकी सावकाश चालवली की सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. प्रत्येक गतिरोधकावर जवळजवळ थांबत होते. मी विचारलं, पेट्रोल संपलंय का? ह्यांनी स्कूटर आणखी हळू केली. घरी येऊन पिशवी रिकामी केली तर फुलपात्र नाही. नव्या डझनातलं फुलपात्र हा माणूस तिथेच विसरून आला होता. आजवर हे साधा स्क्रूही कुठे विसरले नव्हते, आणि विसरायला नेमकं माझं फुलपात्र सापडलं! त्यावरून मी संध्याकाळभर बडबडत होते.

हर्षल तर फोनवर ओरडलाच. "बाबा, सामाईक भिंतीला पाच? पैकीच्या पैकी? काहीतरीच काय!"

"ऐकू आलं नाही तर मी काय करू? गुण म्हणजे गुण."

पाडव्याला टोकन दिलं आणि अक्षय्य तृतीयेला आम्ही राहायला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. मी खोक्यांतून भांडी काढत होते. फुलपात्र खिडकीत सापडलं म्हणून जरा बरं वाटत होतं. तेवढ्यात अगदी माझ्या कानाशी कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, दूध उतू गेलं!"

मी धावत गॅसकडे गेले. गॅस बंद होता. दूध अजून फ्रीजमध्येच होतं.

मग पुन्हा आवाज आला, "जळ्ळं मेलं रोजचंच!" आणि पातेलं आपटल्याचा आवाज. भिंतीतून. फुलपात्र नको, काही नको. बोरस्ते वहिनी त्यांच्या घरात जे बोलत होत्या ते शब्दन् शब्द माझ्या घरात येत होतं.

मी तशीच उभी राहिले. मला आधी आला तो रागच. सव्वीस वर्षं जपलेली गोष्ट ह्या माणसाने भिंतीआडून ऐकून घेतली, तोंडावर साळसूदपणे 'काही नाही' म्हणाला आणि वर महिनाभर पडद्यांच्या रंगावरून माझ्याशी वाद घालत बसला! मी जाब विचारायला निघाले. हे हॉलमध्ये नव्हते, वर नव्हते. बाथरूममधून ड्रिल मशीनचा आवाज येत होता.

हे बाथरूमच्या फरशीवर मांडी घालून बसले होते. शर्टावर सिमेंटची धूळ. भिंतीवर बेलचं पांढरं बटण बसवत होते. जमिनीपासून वीतभर उंचीवर.

"हे काय?"

"बेल."

"इतक्या खाली?"

"वर टाइल फुटली असती." हे स्क्रू पिळत राहिले.

"वायर कुठे जाते?"

"बोरस्ते वहिनींच्या स्वयंपाकघरात. परवा विचारून आलो. चालेल म्हणाल्या." ह्यांनी बटण दाबून पाहिलं. भिंतीपलीकडे घंटी खणखणली आणि पाठोपाठ वहिनींचा आवाज आला, "वाजली हो, वाजली!"

हे उठले नाहीत. स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला, थोडे सरकले आणि मला जागा करून दिली. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

"जरा खाली बस," हे म्हणाले. "इथून हात पोचतो का बघ."

मी बसले. हात लांब केला. पोचला. चांगली चार बोटं जागा उरली. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी ह्या माणसाला गदागदा हलवावंसंही वाटलं. अहो, एवढं सगळं ऐकलंत तर एक शब्द बोला की! पण हे धुळीने भरलेले हात पँटला पुसत होते, पुन्हा पुन्हा, हात स्वच्छ झाले तरी. मग उठून म्हणाले, "सहा महिन्यांनी सेल बदलावे लागतील. मी लक्षात ठेवीन."

आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. सेल मात्र सहा महिन्यांनी बदलले जातात.

हर्षल अजून सोडत नाही. गेल्या दिवाळीला आला तेव्हा मुद्दाम आम्हाला गाडीत घालून म्हसरूळला घेऊन गेला. द्राक्षबागा कधीच गेल्या. बंगलाही गेला. त्या पाच गुंठ्यांवर सात मजली इमारत उभी आहे, खाली बँक आणि मिठाईचं दुकान. ज्यांनी बंगला घेतला होता त्यांच्या मुलांनी दोन-दोन फ्लॅट घेतले म्हणे. आमच्या रो-हाऊसचा भाव वाढलाय, नाही असं नाही. पण सहा घरं एकमेकांना चिकटलेली, पाडायचं म्हटलं तर सहा जणांचं एकमत हवं. आमच्या ओळीत गच्चीच्या रंगावरसुद्धा एकमत होत नाही.

घरी आल्यावर जेवताना हर्षलने पुन्हा सुरू केलं. "बाबा, सगळं बरोबर केलंत तुम्ही. तीन महिने घालवलेत. एकतीस घरं. आणि शेवटी काय, त्या भिंतीला पाच गुण! अहो, इथे बसून मला पलीकडचा टीव्ही ऐकू येतोय!"

ह्यांना आता ऐंशीवं लागलंय. ताटात बघत हे म्हणाले, "चुकलंच रे माझं. तेव्हाच कान गेले असावेत."

"तुमचे कान आणि गेले?"

"वयच तसं होतं. साठीला आलो होतो." आणि ह्यांनी आणखी आमटी मागितली.

मी आमटी वाढली. एकोणीस वर्षं हे दर दिवाळीला पोराचं ऐकून घेतात, आणि मीही वाढत राहते. ह्या वेळी मात्र मला ते सहन होईना. ह्यांच्यावर ओरडावं म्हटलं तर हे 'काय झालं?' म्हणून बघणार. हर्षलला सांगावं, तर बापाने लपवलेलं मी कोण उघडं करणार?

दुपारी हर्षल झोपला. हे हॉलमध्ये भिंतीजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले. मी पाठीमागच्या दाराने वहिनींकडे गेले. वहिनी आता खरोखरच बहिऱ्या झाल्यात. घंटी वाजली की सुरतेहून इकडे राहायला आलेली त्यांची सून उठते. मी तेच जुनं स्टूल भिंतीजवळ ओढलं आणि बसले.

"वहिनी," मी एक ते दहा म्हणायच्या आवाजात म्हटलं, "आमच्या ह्यांचे कान कधीच गेले नव्हते. घर त्यांनी बरोबर घेतलं. मला माहीत आहे, पहिल्या दिवसापासून."

"काय म्हणालात?" वहिनींनी कानामागे हात धरला.

"तुम्हाला नाही म्हटलं."

पलीकडे पेपर मिटल्याची खसखस झाली. मग भिंतीवर पलीकडून टक, टक, टक झालं.